तिरपा उजेड

या नगरभवनात खिळा ठोकायला बंदी.
लाकडाला चिकटपट्टी लावायला बंदी.
भिंतीवरच्या जुन्या विणलेल्या पडद्यावर
पन्नास लक्सच्या वर उजेड टाकायला बंदी,
आणि मोजायला माणूस येतो दर तासाला,
आजाऱ्याचा ताप बघावा तसा.

म्हणून आमचे दिवे आपापल्या पायांवर उभे,
वाळूची पोती धरून,
लग्नं नोंदवायच्या दालनात.
शनिवारच्या कुठल्यातरी जोडप्यावर उधळलेले तांदूळ
अजून फरशीच्या फटींत आहेत.
नेले अनवाणी नाचते. तिला टोचतात.
झाडू आणला तर म्हणाली, राहू देत.

प्रोजेक्टर लावला की आधी जाळी टाकायची:
पांढऱ्या रेघा, आडव्या-उभ्या,
गणिताच्या वहीसारख्या.
मग भिंतीला काही लपवता येत नाही.
चारशे वर्षं सरळ कोण उभं राहतं?
रेघा कुठे पोटात गेल्या, कुठे खांद्यावर आल्या,
मी एकेक बिंदू ओढून बसवत गेले.
रात्रीचे अकरा. थर्मासमधली कॉफी गार.
उत्तरेच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर,
एक चौकोन बसेचना.
ओढला. पुन्हा ओढला.
नखभर आत, ते आतच.

फिरमिन किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलपं लावायला आला होता.
"खिडकी आहे ती," म्हणाला. "होती. लिंपून टाकली.
युद्धानंतर इथे कोळशाची कुपनं मिळायची.
आतल्या बाजूला माझे वडील.
चारच्या ठोक्याला झडप खाली, रांग असो नसो.
एका बाईची बोटं सापडली एकदा."
आणि जरा वेळाने,
"घड्याळ बरोबर होतं त्यांचं."

या भिंतीसाठी माझ्याकडे अकरा मिनिटांचं चित्र तयार होतं:
नदी, होड्या, जवसाची निळी शेतं.
तीन महिन्यांचं काम, नगरपालिकेने मंजूर केलेलं.
ते दक्षिणेच्या भिंतीवर हलवलं. तिथे छान बसलं, हेही सांगायला हवं.
उत्तरेला एकच दिवा,
पायथ्याशी, भिंतीला गाल लावून.
समोरून बघितलं तर चुना, नुसता चुना.
तिरप्या उजेडात थापीचे फटके दिसतात,
लिंपणाऱ्याची घाई दिसते,
आणि चौकोनाची सावली,
केसाहून थोडी जाड.

खेळाच्या रात्री लोक नदी बघत होते.
एक मूल होडीकडे बोट दाखवून मोठ्याने काही बोललं, हसू आलं.
सूचना क्रमांक एकेचाळीस: चित्र नाही.
होड्या विझल्या.
नेले उत्तरेकडे गेली, सगळ्यांकडे पाठ,
आणि दहाही बोटं त्या नसलेल्या कठड्यावर ठेवून
उभी राहिली.
नाच म्हणावा असं काही नव्हतं.
एका पायाचा भार दुसऱ्या पायावर,
मग परत पहिल्यावर.
तांदूळ टोचत असावेत.

वर मनोऱ्यात ठोके पडायला लागले.
माझ्या यादीत तो आवाज नव्हता.
शेवटच्या ठोक्याबरोबर अंधार करावा असं हाताला वाटलं,
इतकं नेमकं जुळत होतं ते,
बोट पट्टीवर होतं.
बाजूच्या दारात फिरमिन, टोपी हातात.
माझ्याकडे बघून त्याने मान हलवली:
एवढ्यात नको.