मंगळवारचं पाणी

जरीमरीच्या गल्लीत मुरलीधर निराळींचा
रंगाचा कारखाना. तीन टाक्या, एक बॉयलर,
आणि मागच्या भिंतीत एक वीट काढून केलेलं भोक.
मिठीचे वार तिथं ठरतात:
मंगळवारी मोरपंखी, बुधवारी राणी.

मी पाच लिटरच्या कॅनमध्ये मंगळवार भरून घेतला.
सायनला रिक्षा सोडली.
टॅक्सीवाला म्हणाला, सरबत का हो?

माटुंग्याला माझ्याकडे एक काळी चकती आहे,
पापडाच्या लाटीएवढी.
पेन्सिलीच्या शिशाचे पापुद्रे सुटे करून
पुन्हा एकावर एक निजवलेले.
आई म्हणते, एवढं शिकून
शेवटी काजळच धरतेस ना?
सहा फाटल्या. ही सातवी.

दाब दिला.
वर निळं दाट होत गेलं.
खाली टप.
मग बराच वेळ काही नाही.
टप.

निराळी बघायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.
नखांत मात्र तीस वर्षांचे वार.
मी वाटी पुढे केली: बघा, गेला रंग.
ते म्हणाले, गेला कुठं?
मी वरचं झाकण उघडून दाखवलं.
वाकून पाहिलं, ओळखीचं माणूस पाहावं तसं.
मेलाय हा, म्हणाले. कापड धरणार नाही आता.

आणि मी अहो नको म्हणेपर्यंत
वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं.
खारट.
हे तर माझं मीठ!

हो. रंगाचा रेणू अंगानं थोराड, तो अडकतो.
मीठ बारीक, ते निसटतं.
माझ्या आलेखावर सरांनी तिथंच
लाल पेनानं लिहिलंय: उणीव.

निराळी बोटांच्या पेरांवर मोजत होते.
एका टाकीला सोळा किलो.
दिवसाला तीन टाक्या.
सगळं त्या भोकातून.
पेरं संपली तेव्हा म्हणाले,
माझ्या टाकीच्या तोंडाएवढी चकती
करायला किती दिवस लागतील?

पंखा फिरत होता.
टप.

जाताना दारात थांबले.
आणि त्या मेलेल्याचं काय करता?
मी टेबलाखाली बोट दाखवलं.
बाटल्यांची रांग, प्रत्येकीवर चिठ्ठी,
माझ्याच अक्षरात:
मंगळवार, मंगळवार, मंगळवार.

दुसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या पुलावरून पाहिलं.
राणी.