ठळक

ठ मुळातच गोल.
त्याला चौकोनी करायचं म्हणजे
साबणाची नवी वडी उलटी वापरायची:
कोपरे राहू द्यायचे, टोचू द्यायचे नाहीत.

असं एकेक अक्षर वळवलं, नारायण पेठेत,
खालच्या बाइंडरकडून खळीचा वास वर येत असताना.
शिरोरेघ कान्याइतकीच जाड.
आत पांढरं जेमतेम.
श्र तर श्वासच घेईना;
दोन रात्री त्याच्या पोटात खिडकी कोरत बसलो.

पहिलं गिऱ्हाईक कात्रजचे रासकर.
टायर. तीनच अक्षरं.
"घाट उतरणाऱ्याला लांबून दिसलं पाहिजे."
दिसलं.
मग जिम, बॅटऱ्या, मिसळ, ढोलपथकाचे टी-शर्ट.
बारीक मजकुराला वापरू नये
असं लिहून दिलं होतं मी. बारीक अक्षरात.
कुणी वाचलं नाही.

काल चौकात फ्लेक्स:
भावपूर्ण श्रद्धांजली.
टायरच्याच आवाजात.
खाली रासकर, गॉगल लावून.

शोकाला हे वळण शोभत नाही,
सांगणार होतो कुणाला तरी.
सिग्नल सुटला, मागून हॉर्न.
पार पलीकडच्या फुटपाथवरून
श्र
नीट वाचता येत होता.