सदतीस अंश

बांबोळीच्या पठारावर, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला
एक कपाट आहे. आत कायम सदतीस अंश.
मे महिन्यात वीज जाते,
सॅबी जिन्यावरून धावत जनरेटरकडे सुटतो
आणि मी कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी,
जशी काही ऊब फटीतून पळून जाईल.

आत चपट्या बाटल्या, आडव्या निजलेल्या.
सोलकढीच्या रंगाचं पाणी.
ते पिवळं पडलं की समजायचं, भूक लागली.
दर तिसऱ्या दिवशी. चवथ असो, नाताळ असो.
लेबलावर माझ्या अक्षरात: बां-१७.
नाव लिहायची पद्धत नाही.

केरीहून कदंबाच्या बसने आली होती सुगंधा गांवस.
मांडीवर फडक्यात बांधलेला कॅन,
त्यात मुलाची चोवीस तासांची लघवी, थेंब न सांडलेली.
कंडक्टरने विचारलं, खोबरेल?
ती हो म्हणाली.
हे सांगताना हसली,
मग मुलाच्या डोळ्यांभोवतीच्या काळ्या वळांकडे बोट करून,
घाईघाईने:
आम्ही मारत नाही हो त्याला.

दीपराज. साडेतीन वर्षं.
मूत्रपिंडावरच्या इवल्याशा ग्रंथीत
काही पेशी मज्जातंतू व्हायला निघाल्या होत्या,
जन्माच्याही आधी,
आणि वाटेतच थबकल्या.
मोठं व्हायचं नाही म्हणाल्या. नुसतं वाढायचं.
(आपण दोन्हीला वाढणंच म्हणतो,
ताटात भात घालण्यालाही.
प्रबंध लिहिताना या एका शब्दाने मला फार छळलं.)

माझा बाप दिवाडीच्या खाजनात मानशीवर होता.
भरतीला दार मिटतं, ओहोटीला उघडतं,
माणसाने फक्त फळ्या राखायच्या.
एका रात्री एक फळी कुजून निसटली,
सकाळी खाऱ्या पाण्यावर भाताची नुसती टोकं.
तो बांधावर बसून राहिला, जेवायला आला नाही.
दीपराजच्या पेशींत एका जनुकाच्या
दोन प्रती असायला हव्या होत्या.
मी मोजल्या, सत्तर.
पुन्हा मोजल्या.

वर्षाच्या आतल्या बाळांत कधी कधी
हीच गाठ, यकृतभर पसरलेली,
काही न करता विरून जाते.
का, ते अजून नीट कुणालाच सांगता येत नाही.
मी त्याच 'का'वर पगार घेते.
दीपराजला अडीच वर्षं उशीर झाला होता.

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
परवा ती सासूच्या मोतीबिंदूसाठी आली,
कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली.
आहेत अजून?
तिने तेव्हा कागदावर सही केली होती. लक्षात होतं तिच्या.

मी तिला वर नेलं.
एका बशीत औषध घालून नववा दिवस होता,
अ जीवनसत्त्वाच्या गोतातलं, गाजर-पपईच्या दूरच्या नात्यातलं.
गोल गोल पेशींना लांब तंतू फुटले होते,
एकीचा दुसरीला लागलेला.
ह्या थांबल्यात, मी म्हटलं, मोठ्या झाल्यात.
बशीत जमतं हे.
मुलांमध्ये, काहींमध्ये.

ती एक डोळा मिटून पाहत राहिली.
इतका वेळ, की भिंगावर तिचा श्वास धरला.
मग विचारलं,
ह्यांना खायला काय घालता?
साखर, मी म्हटलं. मीठ. पाणी.
वासराच्या रक्ताचं सांगितलं नाही,
सोमवार होता, तिच्या हातात बेलाची पानं होती.

साखर, ती म्हणाली.
डबा वरच्या फळीवर ठेवावा लागायचा.

साडेपाचच्या बसने ती गेली.
मी परत आले, हात धुतले,
बां-१७ बाहेर काढली.
पाणी अजून गुलाबीच होतं.
डॉक्टर, आज पाळी नाही, सॅबी दारातून म्हणाला.
ठाऊक आहे, मी म्हटलं.
वाढते आहे जरा.