डाग उन्हाकडे

पहाटे पाचला बाबूजी जागे असतात, हाक मारत नाहीत.
मी लाइट लावला की भिंतीकडे तोंड करून म्हणतात,
"तांब्या कलंडला रे."
तांब्या खिडकीत आहे. काठोकाठ. वर फुलपात्र पालथं.
मी म्हणतो, "हाव, कलंडला असंन."

बाहेर आठ अंश. हंसापुरीच्या गल्लीत
कुणीतरी खोक्यांची खपटं पेटवलीत,
धूर उठतो आणि तारांच्या खालीच थांबतो.
मी त्यांना कोमट पाण्यानं पुसतो, कोरडं धोतर, वर कानटोपी,
आणि गादी तशीच उघडी ठेवतो.
झाकू नये. अंगाची वाफ आधी जाऊ द्यावी,
हे त्यांचंच सांगणं,
चाळीस वर्षं गांधीबागेतल्या दुकानात
पावतीसोबत प्रत्येकाला दिलेलं.
लग्नाच्या गाद्या, बाळंतिणीच्या गाद्या,
मेडिकलच्या होस्टेलातल्या पोरांच्या पातळ, एकट्या गाद्या.
गिऱ्हाईक मान हलवायचं, गादी रिक्षात कोंबायचं, निघायचं.
रिक्षा वळेपर्यंत बाबूजी मागून सांगत राहायचे.

दहाला बाहेर काढली.
त्याआधी नाही, तोवर ऊन कच्चं असतं आणि कठडे ओले.
फरशीवर नाही, सुतळीच्या खाटेवर, खालून वारा पाहिजे.
सगळं रीतसर.
फक्त डाग खाली केला.
समोरच्या निखारेबाई संत्र्याच्या सालींचं सूप घेऊन आल्या.
"काढली का गादी? बरं केलं. थंडी लय हाय यंदा."
मी हो म्हणालो, आणि उगाच एक कोपरा सारखा केला.

सात वर्षांचा होतो, दुसरीत.
त्या हिवाळ्यात माझी गादी रोज ह्याच खाटेवर यायची,
डाग वर, गल्लीकडे,
आणि शाळेत जाणारी पोरं थांबून तो वाचायची.
परातेमास्तरांचा बबन बोट ठेवून म्हणाला होता,
हा पाहा भंडारा, हा गोंदिया.
एकदा मी गुपचूप उलटी केली.
बाबूजी दुकानातून जेवायला आले, पाहिलं,
हात धुवायच्या आधी पुन्हा पलटली.
रात्री कापसातला कचरा निवडता निवडता म्हणाले,
"लाज तुले हाय. गादीले ओल हाय.
ऊन कोनाले पाहिजे?"
पुढे वर्षभर ते मला आवडले नाहीत.

आता त्यांची खुर्ची उन्हात, हातात सोललेलं संत्रं.
खात नाहीत. फोडींच्या शिरा काढत बसतात,
सरकी काढावी तशा, एका हातानं.
मागे सेंट्रल एव्हेन्यूवरून मेट्रो गेली.
त्यांनी वर पाहिलं, मग खाली,
मग गादीकडे. बराच वेळ.
"पलटव."
"राहू द्या ना बाबूजी, लोक..."
"पलटव म्हन्लं."

पलटवली.
निखारेबाईंनी सूप हलवलं, साली खडखडल्या. एवढंच झालं.
मधोमध गडद, काठाला पिवळी रेघ.
मी उभा राहून पाहिलं.
मला गोंदिया सापडला नाही.

चारला गल्लीच्या तोंडाशी सावली आली, तेव्हा आत घेतली.
लगेच चादर नाही. गरम गादी झाकली
की आपल्याच घामानं पुन्हा भिजते.
भिंतीला उभी केली, निवू दिली.
बाबूजी काठी टेकत आले,
काठी माझ्याकडे दिली,
आणि चालत्या हातानं एक थाप मारली.
कान लावला.
कोरडा कापूस धप्प म्हणतो, ओला भद्द,
मला आयुष्यात हा फरक कळला नाही.
मग नाक लावलं. कोपर रोवलं. पुन्हा थाप,
जसं समोर गिऱ्हाईक ताटकळतंय
आणि पावती अजून फाडायची आहे.

"नाही," म्हणाले.
"अजून एक ऊन लागंन."