मांडीवर

फ्लास्कवर नाव नसतं. फक्त आकडा, ०४१७.
तरी मला ठाऊक आहे हे विल्फ ऑग्डेन,
कारण लिफ्टमध्ये त्यांनीच विचारलं,
"कशी आहे माझी मांडी?"
वसतिगृहात ठेवलेल्या पोराची चौकशी करावी तसं.

एकोणचाळीस वर्षं शेफील्डच्या टेकड्यांवर टपाल.
वॉकलीचा चढ, दारादारातले कुत्रे,
पायरीवर गोठलेल्या दुधाच्या बाटल्या,
सगळं त्या मांडीत.
त्यातला सुपारीएवढा तुकडा
बर्फाच्या डब्यातून आला, संध्याकाळी सहाला,
मी कोट घालून निघतच होते.

स्नायूच्या कडेला काही पेशी झोपून असतात,
जखम झाल्याशिवाय उठत नाहीत.
उठल्या की दोनाच्या चार, चाराच्या आठ.
विरजणासारखं कोमट ठेवायचं,
पण लागू द्यायचं नाही,
एकमेकींत मिसळायच्या आत सोडवून घ्यायच्या.
गुलाबी पाणी पिवळं पडलं की समजायचं, भूक.
शनिवारी. रविवारी. नाताळातही.
नवरा म्हणतो, तुझी बाळंतपणं संपायची कधी?

अठ्ठावीस नंबरच्या फाटकाशी त्यांना झटका आला.
हातातलं पत्र आधी पेटीत टाकलं, मग बसले.
आता तिथे पांढरा चट्टा,
ज्याला आकसणं माहीत नाही.
त्यात सुईने हे सोडायचं.
आमच्याकडे मूल मांडीवर घेतात, म्हणजे दत्तक.
इथे मांडीचंच मूल
काळजाला पदरात घ्यायचंय.

कागदांवर या भीतीला लांबलचक नाव आहे.
मला ती एवढीच कळते:
मांडीला थांबता येतं.
चढ संपला की ती फाटकाला टेकते.
काळजाला टेकायला जागा नाही,
आणि या पेशींना हे कुणी सांगितलेलं नाही.
शेजारी एक म्हणताना ह्या दोन म्हणाल्या तर?

बाजूला काढलेल्या एका बशीत
काल एक धागा आपसूक आखडला.
थांबला.
मी श्वास धरून मोजत राहिले.
पुन्हा आखडला.
पायरी, पुटपुटले मी. अजून एक पायरी.

आज सकाळी पेटी वर गेली.
रिकामे फ्लास्क पिवळ्या पिशवीत.
दुपारी बसस्टॉपचा चढ चढताना
मध्येच मांड्या भरून आल्या,
कुणाच्या तरी फाटकाला धरून उभी राहिले.
पाय थांबले.
आत जे थांबलं नव्हतं
ते बराच वेळ ऐकत.