साडेबाराचं ऊन

दहिवडीच्या स्टँडसमोर माझा स्टुडिओ.
पडदे तीन: ताजमहाल, धबधबा,
आणि कुठल्याशा परदेशी वाळवंटातली दरी,
केशरी, वळत गेलेली,
कुणी ओली साडी पिळून धरावी तशी.
नवरानवरीला तोच पडदा लागतो.
बावीस वर्षं त्याच्यासमोर लोकांना उभं करतोय
आणि त्याच्यामागे पोपडे धरलेली भिंत आहे
हे रोज झाडताना मलाच तेवढं कळतं.

म्हणून यंदा ऐन लग्नसराईत शटर ओढलं,
यल्लाप्पा धोत्र्यांना घेतलं मागच्या सीटवर
आणि वाकडघळीत उतरलो.
माथ्यावरून ती दिसतच नाही.
शेळी उडी मारून जाईल एवढी चीर,
खाली चाळीस फूट.
खांदा आडवा करून आत जायचं,
पिशवी पोटाशी,
ट्रायपॉड रुसलेल्या पोरासारखा कडेवर.

यल्लाप्पांनी जन्मभर विहिरी फोडल्या.
दगड हातानं वाचतात,
सुरुंगानं ठेवलेल्या तीन बोटांनी.
"ह्यो मांजऱ्या. ह्यो काळा, ह्याच्यावर छिन्नी रडत्या.
आन् ही तांबडी पट्टी बघा, गेरूची.
दोन पाषाणांत घावली आन् भाजून निघाली, माती बिचारी."
मी हं हं म्हणत होतो.
वर आभाळ सुतळीएवढं.
मी घड्याळ बघत होतो.

कारण या आठवड्यात सावली पायाखाली जाते,
आणि तेव्हाच, सहा-सात मिनिटं,
ऊन या तळाला टेकतं.
आभाळ चौकटीत घ्यायचं नाही, ते पांढरं जळतं.
या भिंतीनं त्या भिंतीला दिलेला उजेड
तेवढाच घ्यायचा,
उसना,
उसन्यातून पुन्हा उसना,
खाली पोचेतो तो गुळाच्या पाकाचा रंग धरतो.

आलं. ओळंबा सोडावा तसं सरळ.
यल्लाप्पांनी न सांगता मूठभर फुफाटा उधळला
आणि उजेडाला अंग आलं.
मी शटर उघडलं, आठ सेकंदांसाठी, आणि सवयीनं बोलून गेलो:
"मान हलवू नका, श्वास धरा."
दगडाला.

ते हसले, तर ट्रायपॉडचा पाय घसरला.
चार फोटो गेले.
पाचव्याला म्हटलं, उभे राहा ना तिथं,
घळ केवढी ते कळायला माणूस लागतो.
"तोंड नगं," म्हणाले,
आणि नुसता हात टेकवला भिंतीवर.

तो एक नीट आला.
हात स्थिर आहे. धूळ वाहतेय,
आणि तिच्या नादानं दगडही.

मोठा करून लावला, ताजमहाल उतरवून.
परवा यल्लाप्पा आले,
निराधारच्या फॉर्मला दोन पासपोर्ट हवे होते.
आधी भिंतीपुढे थांबले. बराच वेळ.
"झ्याक हाय. पर ओल न्हाई आली."
कुठली ओल?
"हितं, अंगठ्यापाशी. दगड गार लागत हुता.
चार-पाच हातांवर पानी असणार.
तवा म्या बोललो न्हाई,
तुमी उनात गुतला हुता."

मी कॅमेऱ्याची काच पुसली. तशी ती स्वच्छच होती.
मग त्यांना स्टुलावर बसवलं, पांढरा पडदा सोडला,
दोन्ही दिवे लावले.
टोपी जरा वर घ्या. मान सरळ.
कॅमेऱ्यातून कपाळ दिसलं,
थरावर थर, आडवे,
आणि खालून दुसऱ्या वळीत
घामाची एक बारीक रेघ
दिव्यानं चमकलेली.

"पुसू का?" त्यांनी विचारलं,
हात उपरण्याकडे गेलेला.

राहू द्या, म्हटलं.
श्वास धरा.