हात न लावलेलं सोनं

एव्हरिस्तबाब तारवावर केक करायचे.
सुट्टीवर आले की म्हापशाला माझ्या दुकानी येत,
शुक्रवारी, बाजार ओसरल्यावर,
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
डब्यात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या
ओल शोषणाऱ्या पुड्या,
पुड्यांखाली शिसवी पेटी,
निळ्या मखमलीवर चार नाणी
थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
फोटोला उभ्या केलेल्या भावंडांसारखी.
सातशे पन्नासांपैकी चारशे सतरावा संच.
सोबत सहीचा कागद.

"हात नको, शेट. श्वाससुद्धा बाजूला सोड."

आमची ही तिसरी पिढी. सोनं आमच्याशी
कसोटीवर घासल्याशिवाय बोलत नाही.
आणि हे टाकसाळीतून निघालं ते
थेट पारदर्शक डबीत मिटलेलं.
कुणाच्या गळ्यात नाही, गहाण नाही,
भांडणात भिंतीवर आपटलेलं नाही.
मी विचारलं, मग याचं करायचं काय?
म्हणाले, "बघ."
त्या आरशात माझं नाक आलं
आणि मागे टांगलेला तराजू.

वर्षाला एक संच.
बायकोच्या कानांत मात्र तीच लग्नातली फुलं,
एकाचा फिरकीचा आटा गेलेला,
तोही मीच दोनदा बसवलेला.

या मार्चात क्लेमेंतीन एकटी आली.
तीन डबे, अकरा पेट्या.
मी पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला.
त्याने एवढंच विचारलं, डब्या उघडल्यात का?
दहा पेट्यांतल्या नाहीत.
अकरावीत सगळ्यांत धाकटं नाणं सुटं होतं,
त्याच्या आरशावर अंगठा.
रेषा न् रेषा.

"शेवटच्या रात्री मागून घेतलं," ती म्हणाली.
"मुठीत धरून होता. पहाटे मीच बोटं सोडवली."
मग पर्समधून रुमाल काढत,
"हे पुसलं तर पूर्ण भाव येईल ना?"

माझ्या हाताशी रिठ्याचं पाणी होतं,
मऊ कुंचा होता.
चाळीस वर्षं लोकांचा घाम
मी त्यांच्या सोन्यावरून धुतला आहे.

"जात नाही," म्हटलं.
"या सोन्यावरचा डाग जात नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली.
रुमाल परत पर्समध्ये गेला,
त्यात गुंडाळलेलं नाणंही.

ती पायऱ्या उतरून गेल्यावर
पावतीवर मी अकरा लिहिलं,
खोडलं, दहा लिहिलं,
आणि हात धुवायला उठलो.